यंत्रे कपाटात, शिक्षक वर्गात

स्मरणिका समितीच्या पत्रात दोन मागण्या होत्या. एक, शाळेच्या आठवणींवर काही लिहून पाठवा. दोन, मेळाव्यात जमणाऱ्या निधीतून शाळेला 'डिजिटल वर्ग' भेट देण्याचा विचार आहे, त्यावर मत कळवा. पहिली मागणी आपल्यातले अनेक जण माझ्यापेक्षा चांगली पुरी करतील. डब्यांची अदलाबदल, स्नेहसंमेलनातली नाटके, पावसाळ्यात गळणारा सातवी 'ब'चा वर्ग, या सगळ्यावर लिहिणारे हात आपल्या तुकडीत पुष्कळ आहेत. मी दुसऱ्या मागणीला धरून लिहिते आहे.

मी सॉफ्टवेअरच्या व्यवसायात असल्यामुळे 'बोर्ड कोणता घ्यायचा' हा प्रश्न माझ्याकडे आला, हे ओघानेच झाले. त्याचे उत्तर चार दुकानांतून दर मागवून देता आले असते. पण त्याआधी एक जुना हिशेब पाहावासा वाटला. गेल्या पन्नास वर्षांत आपल्या देशातल्या शाळांत कोणकोणती यंत्रे आली, कोणी आणली आणि पुढे त्यांचे काय झाले? हा इतिहास आपल्या शाळेच्या पुस्तकांत नव्हता, आणि तो मोठा शहाणा करणारा आहे. आपले पैसे खर्च होण्याआधी तो सर्वांनी वाचावा आणि गुरुजनांनी त्यात भर घालावी, एवढ्यासाठी हा लेख.

आकाशातून आलेला वर्ग

सुरुवात १९७५ सालापासून करते, म्हणजे आपल्या जन्माच्या थोडी आधी. त्या वर्षी १ ऑगस्टला भारतात एक प्रयोग सुरू झाला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'साइट' म्हणत. अमेरिकेच्या नासाने एटीएस-६ नावाचा आपला उपग्रह एका वर्षापुरता भारताला वापरायला दिला होता. करार १९६९ साली झाला, तेव्हा विक्रम साराभाई हयात होते. प्रयोग प्रत्यक्षात आलेला पाहायला मात्र ते राहिले नाहीत. सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी संच बसवले गेले आणि प्रत्येक संचासाठी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची तीन मीटर व्यासाची छत्री उभी केली गेली. सकाळी दीड तास शाळकरी मुलांसाठी आणि संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी कार्यक्रम असत.

त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण प्रयोगाचे कार्यक्रम-व्यवस्थापक होते मूळचे कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस, आणि मुलांसाठी विज्ञानाचे कार्यक्रम मुंबईतल्या स्टुडिओत तयार होत. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे प्रमुख तेव्हा प्रा. यशपाल होते. ज्या गावात अजून वीजही धड नव्हती, तिथे उपग्रहावरून थेट चित्र येणे ही जगातही नवी गोष्ट होती.

वर्ष संपले. ३१ जुलै १९७६ ला प्रयोग थांबला आणि उपग्रह परत नेला गेला. साइटचे वर्णन करताना बहुतेक लोक इथेच थांबतात. मला त्यातला दुसरा, कमी बोलला जाणारा भाग महत्त्वाचा वाटतो. त्याच वर्षी सुट्टीच्या काळात, दोन टप्प्यांत मिळून, सुमारे ५०,००० प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षण दिले गेले. त्यात केवळ पडदा नव्हता. शिक्षक एका केंद्रावर जमत, कार्यक्रम पाहत, रेडिओवरचे ऐकत, छापील पुस्तिकेतले प्रयोग हाताने करत आणि तिथे नेमलेल्या अनुभवी शिक्षकाशी चर्चा करत. उपग्रह गेला तरी त्या ५०,००० जणांच्या हातात आलेले कसब त्यांच्याबरोबर शाळेत राहिले असणार. मुलांपुढचा संच बंद पडला की धडा बंद, शिक्षकाचे तसे होत नाही.

आपल्या पिढीला या इतिहासाचा पुढचा तुकडा तोंडपाठ आहे. पुण्यात १९८४ साली 'बालचित्रवाणी' सुरू झाली. दूरदर्शनवर ते नाव झळकले की घरातले मोठेही 'बघा, शाळेचं लागलंय' म्हणत. कार्यक्रम मराठीत होते, पाठ्यपुस्तकाला धरून होते आणि मेहनतीने केलेले होते. अडचण वेगळीच होती. प्रक्षेपणाची वेळ एक आणि आपल्या वर्गात त्या तासाला चाललेला धडा दुसरा. संच शाळेत असला तरी तो मुख्याध्यापकांच्या खोलीत. पाहणाऱ्या मुलाला शंका आली तर विचारायची कोणाला, याची सोय पडद्यात नसते. ती वर्गात करावी लागते आणि वर्गातल्या शिक्षकाला त्या कार्यक्रमाची खबरच नसे. २०१७ साली बालचित्रवाणी बंद झाली.

चपला बाहेर काढायची खोली

संगणक शाळेत आले तेही १९८४ च्याच सुमारास. केंद्र सरकारच्या त्या योजनेचे नाव 'क्लास' होते. ब्रिटनमध्ये शाळांसाठी बनवलेला बीबीसी मायक्रो हा संगणक निवडला गेला आणि पहिल्या फेरीत देशभरातल्या २५० शाळांना तो मिळाला. पुढे ही संख्या अडीच हजारांच्या आसपास गेली. यंत्र उत्तम होते. त्याच्याबरोबर आलेले बरेचसे धडे मात्र ब्रिटिश मुलांसाठी इंग्रजीत लिहिलेले होते. शिक्षकांचे प्रशिक्षण थोड्या दिवसांचे होते, आणि ते घेऊन परत आलेला शिक्षक शाळेत एकटा पडे. यंत्र अडले तर विचारायला जवळपास कोणी नाही. कळफलकावरची कोणती कळ दाबल्याने काय बिघडेल ही धास्ती कायम. मग साहजिकच खोलीला कुलूप लागे.

आपल्या शाळेत संगणक आला तो याच्या बऱ्याच नंतर, पण रीत तीच होती. चपला बाहेर, पडदे ओढलेले, यंत्रावर प्लॅस्टिकचे आवरण, आणि एका यंत्रापुढे चौघेचौघी. यात कोणाचा दोष काढायचा नाही. लाखभर रुपयांची वस्तू, तिची जबाबदारी एका शिक्षकावर, आणि बिघडली तर जाब त्यालाच. अशा वेळी कुलूप लावणे हेच शहाणपण ठरते. मी रोज संगणकावर काम करते, आणि तरीही म्हणते की त्या खोलीत आम्ही शिकलो त्यापेक्षा जास्त विज्ञान बाईंनी व्हरांड्यात मेणबत्ती, भिंग आणि पांढरा कागद घेऊन शिकवले.

पुढे २००४ पासून शाळांत संगणककक्ष उभारण्याची केंद्राची मोठी योजना आली. अनेक राज्यांनी ते काम कंपन्यांना कंत्राटावर दिले. कंपनीने यंत्रे बसवायची, आपला माणूस नेमून पाच वर्षे कक्ष चालवायचा आणि मग शाळेच्या ताब्यात द्यायचा. कागदावर हे सोयीचे होते. प्रत्यक्षात संगणक शिकवणारा वेगळा, गणित-विज्ञान शिकवणारे वेगळे, आणि दोघांचे बोलणे होण्याचे कारणच नाही. पाच वर्षे संपली की कंपनीचा माणूस जाई आणि शाळेकडे जुनी यंत्रे उरत.

एका शेजाऱ्याचा वेगळा रस्ता

याच काळात केरळने दुसरा मार्ग धरला, आणि तो मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत शिकण्यासारखा भाग वाटतो. तिथला 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्प २००१ साली सुरू झाला. त्यांनी कक्ष चालवायला बाहेरची माणसे आणण्याऐवजी शाळांतल्याच शिक्षकांमधून मास्टर ट्रेनर निवडले. गणिताच्या शिक्षिकेला गणिताच्याच शिक्षकाने शिकवायचे, तेही मल्याळममधून. सॉफ्टवेअर मुक्त प्रकारचे घेतले. म्हणजे परवाना शुल्क नाही, प्रत काढायला बंदी नाही, आणि हवे तसे बदलता येते. त्यामुळे शिक्षकांनीच आपल्या अभ्यासक्रमाला लागतील तशी साधने त्यात बसवली. यंत्रे बिघडत, तेव्हा 'हार्डवेअर क्लिनिक' भरवली जात. आसपासच्या शाळांची बंद यंत्रे एका जागी आणून शिक्षक आणि मुले ती दुरुस्त करत.

माझ्या व्यवसायाच्या दृष्टीने पाहिले तर यातली खरी हुशारी दुरुस्तीच्या त्या दिवसात आहे. कोणतेही यंत्र विकत घेण्याचा खर्च एकदाच दिसतो. त्याला चालू ठेवण्याचा खर्च पुढे दर वर्षी येतो आणि तो देणगीदाराच्या पाटीवर कधीच लिहिलेला नसतो. केरळने तो खर्च माणसांच्या जाळ्यावर वाटून घेतला. ज्याने एकदा यंत्र उघडून पाहिले, त्याची भीती मोडली. आणि ज्याची भीती मोडली, तो खोलीला कुलूप लावत नाही.

याच गोष्टीला एक सुंदर पुढचा भाग आहे. २० सप्टेंबर २००४ ला इस्रोने 'एज्युसॅट' हा केवळ शिक्षणासाठीचा उपग्रह सोडला. अनेक राज्यांत त्याच्या छत्र्या बसल्या. केरळने त्यावर २००५ साली 'व्हिक्टर्स' ही शैक्षणिक वाहिनी सुरू केली आणि उद्घाटनाला राष्ट्रपती अब्दुल कलाम होते. २०१० साली एज्युसॅटचे आयुष्य संपले. व्हिक्टर्स मात्र संपली नाही, कारण तिच्यामागे कार्यक्रम करणारे शिक्षक तयार झालेले होते. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. जूनच्या १ तारखेला, म्हणजे नेहमी शाळा उघडतात त्याच दिवशी, व्हिक्टर्सवर 'फर्स्ट बेल' नावाने वर्ग सुरू झाले. ज्या राज्यांकडे फक्त छत्री होती त्यांच्याकडे उपग्रहानंतर छत्रीच उरली. केरळकडे शिक्षक उरले.

इंटरनेटच्या आधीचे जाळे

शिक्षकांचे असे जाळे इंटरनेटमुळेच शक्य होते, असा समज होईल. तो दूर करायला आणखी मागे, १९७२ सालच्या मध्य प्रदेशात जावे लागेल. होशंगाबाद जिल्ह्यात 'किशोर भारती' आणि रसूलियाचे 'फ्रेंड्स रूरल सेंटर' या दोन संस्थांनी सोळा माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचा नवा कार्यक्रम सुरू केला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ रजा काढून तिथे येत. मुलांनी व्याख्या पाठ करायच्या नाहीत, प्रयोग करायचे, आपले निरीक्षण आपल्या शब्दांत लिहायचे, आणि परीक्षेला पुस्तक उघडे ठेवायचे. पुस्तकाचे नाव होते 'बाल वैज्ञानिक'. १९७८ मध्ये कार्यक्रम सगळ्या जिल्ह्यात पसरला. १९८२ साली 'एकलव्य' ही संस्था स्थापन झाली आणि तिने तो पुढे नेला.

यात यंत्र नव्हते. काडेपेट्या, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, भिंग, चुंबक, नदीकाठची झाडे, एवढेच साहित्य. पण रचना पाहा. उन्हाळ्यात शिक्षकांचे शिबिर होई, आणि वर्षभर दर महिन्याला आसपासच्या शाळांतले शिक्षक एका केंद्रावर जमत. कोणता प्रयोग फसला, मुलांनी कोणता प्रश्न विचारला ज्याचे उत्तर आले नाही, कोणत्या धड्याची भाषा अवघड झाली, हे तिथे मोकळेपणाने बोलले जाई. त्यावरून पुस्तकातले धडे बदलत. शिक्षकांसाठी पत्रिका निघे. आणि मुलांसाठी होता 'सवालीराम'. हे एक काल्पनिक पात्र. मुले त्याला पत्र लिहून काहीही विचारत आणि उत्तर येई.

म्हणजे आज ज्याला आपण ऑनलाइन समूह म्हणतो त्याचे सगळे अवयव तिथे होते. प्रश्न विचारायची जागा होती, उत्तर देणारी माणसे होती, चुकले तर दुरुस्त होणारे साहित्य होते आणि न चुकता भेटण्याचा एक दिवस होता. टपाल एवढेच त्याचे तंत्रज्ञान. २००२ साली राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांत तो शेकडो शाळांपर्यंत गेला होता.

या कार्यक्रमाचा एक धागा पुण्यात येतो. टेल्कोत काम करणारे अभियंते अरविंद गुप्ता १९७८ साली रजा घेऊन होशंगाबादला गेले. काडी आणि व्हॉल्व्ह-ट्यूब यांतून भूमितीचे आकार बनवण्याची त्यांची युक्ती तिथल्या मुक्कामातली. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी बनवण्याच्या शेकडो चित्रफिती केल्या आणि मराठीसह अनेक भाषांतली हजारो पुस्तके इंटरनेटवर सर्वांना मोफत खुली केली. आज एखाद्या तालुक्याच्या गावातल्या बाईंनी कागदी भिंगरी फिरवून वाऱ्याचा धडा शिकवला, तर तो प्रयोग बहुधा या रस्त्याने आलेला असतो. काडेपेटी आणि इंटरनेट यांत वैर नाही. काडेपेटीचा प्रयोग दूरवर पोचवण्यासारखे इंटरनेटचे दुसरे चांगले काम मला माहीत नाही.

शिक्षकाला वगळून

काही जणांना वाटले की मधला शिक्षक वगळला तर काम लवकर होईल. १९९९ साली दिल्लीत कालकाजीला सुगत मित्रा यांनी भिंतीत भोक पाडून संगणक बसवला आणि वस्तीतली मुले तो आपापसात शिकतात हे दाखवले. मुले एकमेकांकडून किती भराभर उचलतात हे त्यातून कळले, ते खरेच आहे. अमेरिकेतून निकोलस निग्रोपोंटे यांनी 'दर मुलामागे एक लॅपटॉप' ही मोहीम काढली. हिरव्या-पांढऱ्या रंगाचा, कणखर बांध्याचा तो छोटा लॅपटॉप शंभर डॉलरला देण्याचा त्यांचा संकल्प होता. किंमत प्रत्यक्षात त्याच्या दुपटीकडे गेली. भारतातली त्याची पहिली चाचणी २००७ साली आपल्याच राज्यात, रायगड जिल्ह्यातल्या खैराट या छोट्या गावात झाली. शाळा एकशिक्षकी, वर्ग चार. लॅपटॉप प्रत्येक मुलाच्या हाती होते, तरी कोणत्या इयत्तेने आज काय करायचे हे ठरवणारा माणूस तिथेही तोच एक शिक्षक होता.

जगात ही मोहीम सर्वांत मोठ्या प्रमाणावर पेरू देशात राबवली गेली. आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले गेले. २०१२ साली आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या अभ्यासात दिसले की गणित आणि भाषा यांच्या गुणांत लॅपटॉप मिळालेल्या आणि न मिळालेल्या शाळांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. मुले लॅपटॉप चालवायला शिकली होती. धडा मात्र तिथेच होता.

आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळा

आता आपल्या घरी येऊ. २०१५ नंतर महाराष्ट्रात जे घडले ते वरून आले तितकेच खालूनही आले. 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय २२ जून २०१५ चा. पण त्याआधीच शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्यासारख्या आदिवासी भागातल्या शाळेने लोकवर्गणीतून टॅब आणि प्रोजेक्टर उभे केले होते, आणि ती शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक येत होते. हे पाहायला येणे फार मोलाचे होते. शिक्षक दुसऱ्या शिक्षकाच्या वर्गात बसला, त्याच्याशी बोलला आणि परतल्यावरही व्हॉट्सॲपवर बोलत राहिला. 'हा व्हिडिओ कसा बनवला?', 'बिलाशिवाय इन्व्हर्टर कसा चालवता?', 'वजाबाकीत हातचा घेताना मुले अडतात, तुम्ही काय करता?' असे प्रश्न आणि त्यांची उत्तरे एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाऊ लागली. रात्री दहा वाजता एखाद्या वाडीवरच्या शाळेतले गुरुजी आपल्या वर्गाचे चित्र टाकत आणि सकाळपर्यंत चौघांनी तो प्रयोग आपल्या वर्गासाठी उचललेला असे.

माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी आपल्या सर्वांना ठाऊक आहेत. पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड छापायचा, फोनने तो टिपला की कविता ऐकू यावी किंवा चित्रफीत दिसावी, ही कल्पना त्यांनी आपल्या शाळेत राबवली. पुढे राज्याच्या पुस्तकांतही हे कोड आले. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. दहा लाख डॉलरच्या त्या रकमेतली निम्मी त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांत वाटली. वर्तमानपत्रांनी रकमेचे आकडे मोठ्या अक्षरांत छापले. मला त्यातले वाटून घेणे बोलके वाटले. कोड ही चौकोनी छपाई आहे, ती कोणीही करू शकतो. त्यामागे काय ठेवायचे हे शिक्षकाने ठरवले आणि ते दुसऱ्या शिक्षकाला मोकळेपणाने दिले, म्हणून तो कोड कामाचा झाला. ५ सप्टेंबर २०१७ ला सुरू झालेल्या 'दीक्षा' या राष्ट्रीय व्यासपीठाचा पायाही हाच आहे.

याची दुसरी बाजू आपल्या गुरुजनांना माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे. जो गट वजाबाकीच्या हातच्यासाठी सुरू झाला, त्यावर हळूहळू 'माहिती आजच्या आज भरून पाठवा' असे निरोप येऊ लागतात. त्यात सुप्रभातची फुले आणि वाढदिवसाचे केक मिसळतात. वजाबाकीचा प्रश्न वर कुठेतरी वाहून जातो. शिक्षकांच्या बोलण्याची जागा कार्यालयाची खिडकी झाली की चांगला शिक्षक गप्प होतो. तेव्हा असे गट राखावे लागतात. कशासाठी आहे हे ठरलेले, माणसे ओळखीची, आणि विचारल्याबद्दल कोणी हसणार नाही याची हमी असलेले.

कोरोनाच्या दोन वर्षांत हे सगळे एकदम कसाला लागले. 'असर'च्या २०२० च्या पाहणीनुसार ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलांच्या घरांत स्मार्टफोन असण्याचे प्रमाण दोन वर्षांत ३६.५ टक्क्यांवरून ६१.८ टक्क्यांवर गेले होते. तरीही त्या आठवड्यात शाळेकडून काही अभ्यास पोचला अशी मुले सुमारे एक-तृतीयांशच होती. म्हणजे यंत्र घरात आले तरी धडा आपोआप आला नाही. तो आला तिथे कोणीतरी शिक्षक स्वाध्याय पाठवत होता, फोन करत होता किंवा मंदिराच्या ओट्यावर पाच-पाच मुलांना बसवत होता. आणि उरलेल्या घरांत फोनच नव्हता, हेही विसरून चालणार नाही. यंत्र नको असे मी म्हणत नाही. ज्या मुलाकडे ते नाही त्याच्यापर्यंत ते पोचवण्याची जागा शाळाच आहे.

मग आपण काय करावे?

या पन्नास वर्षांतून मला दिसते ते एवढेच. उपग्रह, संच, संगणक, लॅपटॉप, टॅब ही प्रत्येक वस्तू दहा-बारा वर्षांत जुनी झाली. जिथे शिक्षक एकमेकांना विचारत होते तिथे एक वस्तू जाऊन दुसरी आली तरी काम चालू राहिले. जिथे शिक्षक एकटा होता तिथे पहिल्या बिघाडाबरोबर कपाटाला कुलूप लागले. म्हणून समितीपुढे माझे चार प्रस्ताव आहेत.

पहिला, जमलेल्या निधीतला निम्माच यंत्रांवर खर्च करावा. उरलेला निम्मा बँकेत ठेवून त्यातून पुढची पाच वर्षे दुरुस्ती, इंटरनेट आणि विजेच्या बॅटरीचा खर्च भागवावा. पाटीवर नावे थोडी लहान आली तरी चालतील.

दुसरा, काय घ्यायचे ते आज शिकवणाऱ्या शिक्षकांनी ठरवावे. एक मोठा बोर्ड घ्यायचा, की दोन साधे प्रोजेक्टर आणि वर्गात नेता येईल असा एक लॅपटॉप, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले कळते. दर मागवायचे आणि कागदपत्रे वाचायचे काम मी करते.

तिसरा, महिन्यातून एका शनिवारी दुपारी आपल्या आणि आसपासच्या तीन-चार शाळांतल्या शिक्षकांची बैठक आपल्या शाळेत व्हावी. अजेंडा नको, अहवाल नको, फोटो नको. येण्याजाण्याचा खर्च आणि चहा-पोहे आपल्या निधीतून. आपले निवृत्त सर आणि बाई या बैठकीला आले तर त्याहून मोठी देणगी कोणती? भाषेच्या बाईंचे चाळीस वर्षांचे ज्ञान कोणत्याही क्यूआर कोडमागे अजून ठेवलेले नाही. ते ध्वनिमुद्रित करून ठेवण्याची तांत्रिक बाजू आम्ही मुली सांभाळू.

चौथा प्रस्ताव आपल्या तुकडीसाठी. आपल्यात डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, एसटीतले मेकॅनिक आहेत, द्राक्षबागायतदार आहेत, वकील आहेत, घर आणि खानावळ चालवणाऱ्या मैत्रिणी आहेत, दुबईत आणि टेक्सासमध्ये राहणारेही आहेत. आपण सगळे मिळून आपल्या शाळेचे 'सवालीराम' होऊ. मुलांनी वहीत प्रश्न लिहायचे. वर्गशिक्षकांनी आठवड्यातून एकदा निवडक प्रश्न गटावर टाकायचे. ज्याला येईल त्याने आठ दिवसांत मराठीतून, मुलाला कळेल असे उत्तर लिहायचे किंवा बोलून पाठवायचे. द्राक्षाला पाणी किती लागते, इंजिन तापल्यावर काय होते, रक्तगट कशाने ठरतो. ज्या प्रश्नाचे उत्तर कोणालाच आले नाही त्याबद्दल तसेच कळवायचे आणि शोधायचा रस्ता सांगायचा. मुलांची नावे आणि फोन क्रमांक गटावर येणार नाहीत, प्रश्न शिक्षकांमार्फतच येतील, ही अट आधीच घालून ठेवू. आणि या गटावर सुप्रभात नाही, हेही.

यातल्या कोणत्याच गोष्टीला मोठे उद्घाटन लागत नाही. मेळाव्याच्या दिवशी नावनोंदणीच्या टेबलाशेजारी एक वही ठेवलेली असेल. आपले नाव, आपला व्यवसाय, आणि कोणत्या विषयावरच्या प्रश्नांना उत्तर देऊ शकाल, एवढे तीन रकाने त्यात आहेत. गुरुजनांसाठी चौथा रकाना आहे, महिन्यातला कोणता शनिवार सोयीचा, तो. जेवायला जाण्याआधी वही भरावी, ही विनंती.